भौगोलिक माहिती प्रणाली शिकविणाऱ्यांसाठी साधनसामग्री

शेतीच्या नियोजनात नकाशाचे स्थान फार जुने आहे. जमिनीची मोजणी, आकारणी, बांधबंदिस्ती, पाटपाण्याची आखणी यांपैकी कोणतेही काम नकाशावाचून पार पडत नाही. अलीकडे हा नकाशा कागदावरून संगणकावर आला आहे. पाणलोट क्षेत्राचा आराखडा, शेततळ्याची जागा, २०२१ पासून राज्यात सुरू झालेली ई-पीक पाहणी, अतिवृष्टीनंतरचे पंचनामे या सर्व कामांत आता ठिकाणाची नोंद अक्षांश-रेखांशांसह होते. साहजिकच गावपातळीवर काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांना भौगोलिक माहिती प्रणालीचे शिक्षण देणे आवश्यक झाले आहे, व हे शिक्षण देण्याची जबाबदारी कृषी पदवीधर अधिकारी, प्रशिक्षण संस्थांतील व्याख्याते व कृषी महाविद्यालयांतील अध्यापक यांच्यावर येऊन पडली आहे.

या शिक्षणाचा एक अनुभव बहुतेक प्रशिक्षकांना परिचित असेल. वर्गात प्रशिक्षणार्थी संगणकावर सर्व क्रिया बिनचूक करतात. पण आपल्या गावी परतल्यावर तेच काम त्यांच्याकडून होत नाही. वर्गातील सराव परक्या प्रदेशाच्या, आधीच नीटनेटक्या करून ठेवलेल्या माहितीवर झालेला असतो. गावात मात्र फाटक्या घडीचा गावनकाशा, पोटहिश्शांची गुंतागुंत आणि एकाच नावाची तीन गावे यांच्याशी गाठ पडते. प्रशिक्षकाच्या हातून जी गोष्ट शिकवायची राहून जाते, तिची चूक वर्गातील तीस जणांबरोबर तीस गावांत जाते. एखाद्याचे शेततळे नकाशात शेजाऱ्याच्या गटात पडले तर अनुदानाच्या कागदपत्रांत शंका निघते, आणि तिचा निकाल लागेपर्यंत शेतकऱ्याला हेलपाटे घालावे लागतात.

म्हणून प्रशिक्षकाने कोणती साधने जमवावीत, ती कोठे मिळतात, आणि त्यांचा उपयोग प्रशिक्षणार्थ्याच्या स्वतःच्या गावासाठी कसा करून घ्यावा, याची माहिती प्रस्तुत लेखात देण्याचे योजिले आहे.

प्रणालीचा शेतीशी मूळचा संबंध

ही प्रणाली शेतीला नवखी आहे असा समज आढळतो. तो बरोबर नाही. १९६० नंतरच्या दशकात कॅनडा देशाने आपल्या जमिनींची कुवत ठरविण्यासाठी मोठी पाहणी हाती घेतली. कोणती जमीन पिकांस योग्य, कोणती वनास, कोणती चराईस, हे नकाशांवर दाखवावयाचे होते. नकाशांची संख्या इतकी मोठी होती की, ते हाताने एकमेकांवर ठेवून क्षेत्रफळे काढणे अशक्य झाले. तेव्हा रॉजर टॉमलिन्सन या भूगोलतज्ज्ञाने हे काम संगणकाकडून करून घेण्याची योजना मांडली. त्यातून उभी राहिलेली कॅनडाची भौगोलिक माहिती प्रणाली ही या शास्त्राची आरंभीची प्रणाली मानली जाते. म्हणजे जमिनीचा उपयोग ठरविण्याच्या गरजेतूनच हे शास्त्र जन्मास आले.

प्रणालीचे तत्त्व आपल्याकडेही अपरिचित नाही. गावनकाशात गटाचा आकार व जागा असते. सातबाऱ्यात त्याच गटाचे क्षेत्र, धारणा व पिके असतात. आणि या दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे गट क्रमांक होय. नकाशातील आकृती व तक्त्यातील माहिती एका सामाईक क्रमांकाने जोडणे, हेच भौगोलिक माहिती प्रणालीचे मर्म आहे. वर्गाचा प्रारंभ संगणकाच्या पडद्यावरून न करता सातबारा व गावनकाशा शेजारी शेजारी ठेवून केला, तर निम्मे काम पहिल्याच तासात होते.

पहिले साधन : गावनकाशा, अर्धपारदर्शक कागद व फूटपट्टी

ज्या प्रशिक्षणात वीजपुरवठा व इंटरनेट यांचा भरवसा नाही, तेथेही पहिला दिवस उत्तम प्रकारे उपयोगात आणता येतो. प्रत्येक प्रशिक्षणार्थ्याने आपल्या गावच्या नकाशाची प्रत सोबत आणावी, असे बोलावण्याच्या पत्रातच कळवावे. भूमी अभिलेख विभागाकडून ही प्रत मिळते; महाभूनकाशा या संकेतस्थळावरही गटांचे नकाशे पाहता येतात.

वर्गात नकाशावर ट्रेसिंग कागद ठेवून एका कागदावर गटांच्या हद्दी, दुसऱ्यावर ओढे-नाले व विहिरी, तिसऱ्यावर जमिनीचा प्रकार — काळी, मध्यम, मुरमाड — असे तीन थर काढावेत. तिन्ही कागद एकमेकांवर ठेवून उजेडाकडे धरले की, नाल्याकाठचे मुरमाड जमिनीचे गट कोणते, हे आपोआप दिसते. संगणक हेच काम करतो, मात्र हजारो गटांसाठी व क्षणार्धात करतो. थर म्हणजे काय, हे अशा रीतीने एकदा हाताने करून पाहिलेला मनुष्य पुढे विसरत नाही.

त्याच वेळी प्रमाणाचा पाठ द्यावा. ज्या नकाशाचे प्रमाण १:१०,००० आहे, त्यात एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरील दहा मीटर होतात, म्हणजे जवळजवळ तेहतीस फूट. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशात एक मिलिमीटर म्हणजे पन्नास मीटर. त्या नकाशावर पेन्सिलीने ओढलेली अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर पंचवीस मीटर रुंद ठरते. अशा नकाशावरून बांधाचा तंटा सोडविता येणार नाही, हे सांगण्यास मग वेगळ्या व्याख्यानाची गरज पडत नाही.

पाठ्यपुस्तके व अभ्यासक्रम

प्रशिक्षणासाठी आज्ञावलीची निवड करताना ती विनामूल्य असणे हा मोठा गुण समजावा. कारण विकत घ्यावयाची आज्ञावली वर्गात शिकून गेलेल्या कर्मचाऱ्यास आपल्या कार्यालयात ती मिळेलच असे नाही. क्यूजीआयएस ही आज्ञावली या दृष्टीने सोयीची आहे. गॅरी शर्मन यांनी २००२ साली तिचा प्रारंभ केला, व आज जगभरातील स्वयंसेवक तिचा विकास करीत आहेत. ती कोणासही विनामूल्य घेता व इतरांस देता येते.

तिच्यासोबत शिकविणाऱ्यांच्या उपयोगाची दोन पुस्तके विनामूल्य मिळतात. पहिले म्हणजे ‘जेंटल इन्ट्रोडक्शन टु जीआयएस’. दक्षिण आफ्रिकेतील ईस्टर्न केप प्रांताच्या जमीनविषयक खात्याच्या साहाय्याने हे लिहिले गेले. ते आज्ञावलीपेक्षा संकल्पनांवर भर देते, व प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी संगणकाशिवाय करता येण्याजोगा सराव सुचविते. दुसरे ‘ट्रेनिंग मॅन्युअल’. यात सोप्याकडून कठिणाकडे जाणारे पाठ व त्यांची उत्तरे दिली आहेत. यातील बरेचसे सराव दक्षिण आफ्रिकेतील स्वेलेनडॅम या गावच्या परिसरावर बेतलेले आहेत. परंतु याच पुस्तकाच्या शेवटी, सरावाची माहिती बदलून तेथे आपल्या भागाची माहिती कशी घालावी, याचे स्वतंत्र प्रकरण वर्ग चालविणाऱ्यांसाठी दिलेले आहे. आपल्या प्रशिक्षकांनी सर्वप्रथम हेच प्रकरण वाचावे. स्वेलेनडॅमच्या जागी आपला तालुका घालण्याचे काम एकदा चार दिवस बसून केले, तर ते पुढील अनेक वर्गांना पुरते.

स्वतःची तयारी वाढविण्यासाठी डेहराडून येथील भारतीय सुदूर संवेदन संस्थेचा उपयोग करून घ्यावा. १९६६ साली स्थापन झालेली ही संस्था २००७ पासून दूरशिक्षणाचे कार्यक्रम चालविते, व त्यांतील अनेक अभ्यासक्रम घरबसल्या विनामूल्य पूर्ण करता येतात. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’ प्रकल्पातही क्यूजीआयएसचे छोटे छोटे पाठ आहेत. पडद्याच्या एका बाजूस पाठ चालू ठेवावा, दुसऱ्या बाजूस तीच क्रिया स्वतः करावी, व अडले की पाठ थांबवावा, अशी त्यांची पद्धत आहे. तीस जणांच्या वर्गात प्रत्येकाची गती निराळी असते. अशा वेळी ही पद्धत प्रशिक्षकाचा भार पुष्कळ हलका करते.

नकाशे व उपग्रहचित्रे कोठे मिळतात?

पायाभूत नकाशांसाठी भारतीय सर्वेक्षण विभागाकडे जावे. या विभागाची स्थापना १७६७ सालची. सर्वसामान्यांसाठी असलेली त्याची १:५०,००० प्रमाणाची खुली नकाशामाला संकेतस्थळावर नोंदणी करून उतरवून घेता येते. इस्रोचे ‘भुवन’ हे संकेतस्थळ २००९ पासून चालू असून, त्यावर देशाची उपग्रहचित्रे व विविध विषयांचे नकाशे पाहता येतात. हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राच्या ‘भूनिधी’ या संकेतस्थळावरून रिसोर्ससॅट उपग्रहांची चित्रे मिळतात. आपल्या राज्यापुरते बोलायचे, तर नागपूर येथे दोन महत्त्वाच्या संस्था आहेत : महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र, आणि १९७६ साली स्थापन झालेला राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरो. जमिनीच्या प्रकारांचे पाठ तयार करताना या ब्युरोच्या मृदा नकाशांचा आधार घ्यावा.

परदेशी उपग्रहांपैकी अमेरिकेचे लँडसॅट व युरोपचे सेंटिनेल यांची चित्रे विनामूल्य मिळतात. लँडसॅट मालिकेतील पहिला उपग्रह १९७२ साली सोडण्यात आला, व २००८ पासून तिचा जुना संग्रह सर्वांस खुला झाला. एखाद्या गावच्या शिवारात पन्नास वर्षांत काय बदलले, हे दाखविण्यास याहून चांगले साधन नाही. सेंटिनेल-२ मालिकेचा प्रारंभ २०१५ साली झाला. तिच्यातील दोन उपग्रह मिळून दर पाच दिवसांनी त्याच जागेचे चित्र घेतात. चढ-उतारांच्या माहितीसाठी फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेच्या अवकाशयानाने अकरा दिवसांत केलेल्या रडार मोजणीवरून तयार झालेला तीस मीटरचा उंचीनकाशा उपलब्ध आहे. रस्ते, वस्त्या यांसाठी २००४ साली सुरू झालेला ‘ओपनस्ट्रीटमॅप’ हा लोकांनी मिळून केलेला नकाशा उपयोगी पडतो. मात्र ग्रामीण भागात तो कित्येक ठिकाणी अपुरा असतो. प्रशिक्षणार्थ्यांकडून आपल्या गावाची भर त्यात घालवून घेणे, हाही एक चांगला सराव होय.

पिक्सेल व गुंठा

उपग्रहचित्र हे चौकोनी कणांचे बनलेले असते. या कणास पिक्सेल म्हणतात. शहरी विद्यार्थ्यांसाठी लिहिलेल्या पुस्तकांत ही संकल्पना समजावून देण्यास बरीच पाने खर्ची पडतात. आपल्या प्रशिक्षणार्थ्यांस ती एका वाक्यात समजते. गुंठा म्हणजे तेहतीस फूट लांब व तेहतीस फूट रुंद जागा. सेंटिनेल-२ च्या ठळक चित्रातील एक पिक्सेल दहा मीटर लांब व दहा मीटर रुंद, म्हणजे बरोबर एक आर व जवळजवळ एक गुंठा आहे. याच हिशेबाने पुढील तक्ता फळ्यावर लिहून द्यावा :

रिसोर्ससॅट, लिस-४ (५.८ मीटर) : एक पिक्सेल म्हणजे सुमारे एक तृतीयांश गुंठा
सेंटिनेल-२ (१० मीटर) : सुमारे एक गुंठा
रिसोर्ससॅट, लिस-३ (२३.५ मीटर) : सुमारे साडेपाच गुंठे
लँडसॅट (३० मीटर) : सुमारे नऊ गुंठे
रिसोर्ससॅट, ॲविफ्स (५६ मीटर) : सुमारे एकतीस गुंठे

आता वीस गुंठ्यांच्या चौकोनी शेताचे उदाहरण घ्यावे. त्याची बाजू सुमारे पंचेचाळीस मीटर भरते. सेंटिनेलच्या चित्रात अशा शेतात संपूर्णपणे बसणारे पिक्सेल नऊ ते सोळा एवढेच असतात. उरलेले बांधावर पडून त्यांत शेजारचे पीक मिसळते. लँडसॅटच्या चित्रात असा संपूर्ण पिक्सेल एखादाच मिळतो, किंवा एकही मिळत नाही. म्हणून लहान खातेदाराच्या पिकाविषयी लँडसॅटच्या चित्रावरून निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल, हे प्रशिक्षणार्थ्यांच्या स्वतःच्याच ध्यानी येते. चित्रे निवडताना ऋतूचेही भान ठेवावे. जून ते सप्टेंबर या काळात ढगांमुळे सेंटिनेल-२ ची बरीच चित्रे निरुपयोगी असतात. म्हणून वर्गासाठी रब्बीतील, जानेवारी-फेब्रुवारीची चित्रे घ्यावीत. खरिपाचाच विषय असेल, तर ढगांतून पाहणाऱ्या सेंटिनेल-१ या रडार उपग्रहाचा उल्लेख करून तो पुढील पातळीच्या वर्गासाठी राखून ठेवावा.

वर्ग अडखळतो त्या जागा

काही चुका जवळजवळ प्रत्येक वर्गात होतात. त्यांची उदाहरणे प्रशिक्षकाने आधीच तयार ठेवावीत, व चूक मुद्दाम घडवून दाखवावी.

पहिली चूक निर्देशांक पद्धतीची. अक्षांश-रेखांश अंशांत असतात. अंशांतील आकृतीचे क्षेत्र सरळ काढले, तर उत्तर चौरस अंशांत येते. आपल्या राज्यात एक हेक्टरचे शेत अशा हिशेबाने ०.००००००८६ इतके भरते, आणि प्रशिक्षणार्थी गोंधळून जातो. त्यासाठी नकाशा मीटरमध्ये मोजणाऱ्या पद्धतीत, म्हणजे यूटीएम पद्धतीत, आणावा लागतो. या पद्धतीचे पट्टे सहा-सहा अंशांचे आहेत. राज्याचा बहुतेक भाग ७२ ते ७८ अंश रेखांशांच्या ४३ व्या पट्ट्यात येतो. वर्धा, नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा पूर्वेकडील भाग मुख्यतः ४४ व्या पट्ट्यात येतो. आणि ७८ अंशांची रेषा अमरावती व यवतमाळ या जिल्ह्यांतून जाते. पट्टा चुकला तर किती चुकते? नागपूरचे ४४ व्या पट्ट्यातील अंक ४३ व्या पट्ट्याचे म्हणून भरले, तर नागपूर सुरत जिल्ह्यात बारडोलीच्या जवळपास जाऊन पडते. हा प्रयोग वर्गात करून दाखविल्यास हशा पिकतो, आणि धडा कायमचा लक्षात राहतो.

एवढी मोठी चूक निदान डोळ्यांस दिसते. लहान चूक अधिक घातक असते. सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे एव्हरेस्ट या पृथ्वीमानावर बेतलेले होते, तर आजचे मोबाईल डब्ल्यूजीएस-८४ हे मान वापरतात. जुना नकाशा नव्या मानाचा समजून बसविला, तर प्रत्येक ठिकाण शेकडो फुटांनी सरकते. नकाशा दिसावयास ठीक दिसतो, पण विहीर दुसऱ्याच्या शेतात जाते.

दुसरी चूक क्रमांकांची. गट क्रमांक हा एका गावापुरताच वेगळा असतो. पिंपळगाव किंवा वडगाव या नावाची गावे एकाच जिल्ह्यात अनेक असतात. म्हणून गावाच्या नावावर विसंबून न राहता २०११ च्या जनगणनेतील गावाचा संकेतांक व गट क्रमांक मिळून जोडणीचा दुवा तयार करावा. तसेच तक्त्याच्या आज्ञावलीत ७/१२ किंवा १२/१ असा हिस्सा क्रमांक लिहिला की, संगणक त्यास तारीख समजून बदलून टाकतो. तो स्तंभ मजकुराचा आहे असे आधीच ठरवून द्यावे.

तिसरी अडचण मराठी अक्षरांची. जुन्या टंकांत टाइप केलेली नावे दुसऱ्या संगणकावर वाचता येत नाहीत. म्हणून सर्व नोंदी युनिकोडमध्ये कराव्यात. शेपफाइल या जुन्या प्रकारात स्तंभाचे नाव दहा रोमन अक्षरांपुरतेच मावते, व देवनागरीची तर तीनच अक्षरे कशीबशी बसतात. जिओपॅकेज या नव्या प्रकारात ही अडचण नाही, आणि सर्व थर एकाच फाइलमध्ये राहतात. ती एकच फाइल सर्वांना पेनड्राइव्हवर देता येते.

पाच दिवसांचा नमुना पाठ

वरील साधने एका सूत्रात गुंफण्यासाठी ‘माथा ते पायथा’ पाणलोट नियोजन हा विषय फार सोयीचा आहे. त्याची वाटणी पुढीलप्रमाणे करता येईल.

पहिला दिवस : सातबारा व गावनकाशा यांचा संबंध, ट्रेसिंग कागदावरील थर, प्रमाण व गुंठा-पिक्सेल हिशेब.

दुसरा दिवस : गावनकाशाची संगणकीय प्रत जमिनीवरील खऱ्या जागी बसविणे. यासाठी तीन गावांच्या शिवा मिळतात ते ठिकाण, रस्त्यांचे फाटे, जुनी देवळे, पक्क्या विहिरी अशा न बदलणाऱ्या खुणा निवडाव्यात. किमान सहा खुणा नकाशाच्या चोहोबाजूंस पसरलेल्या असाव्यात. जुना कागद आकसलेला किंवा ताणलेला असतो, म्हणून सर्व खुणा तंतोतंत जुळणार नाहीत. किती मीटर फरक राहिला, हे प्रत्येकाने आपल्या नकाशाच्या कोपऱ्यात लिहावे.

तिसरा दिवस : गटांच्या हद्दी काढणे, गट क्रमांक भरणे व तक्ता जोडणे. सर्व गावाचा आग्रह न धरता प्रत्येकाने वीस-पंचवीस गट पूर्ण करावेत.

चौथा दिवस : उंचीनकाशावरून उतार व ओढ्यांच्या रेषा काढणे, त्यावर गटांचा थर ठेवून माथ्याकडील समतल चरांस व पायथ्याकडील नालाबंधाऱ्यांस योग्य वाटणाऱ्या जागा निवडणे. येथे प्रशिक्षकाने स्पष्ट सांगावे की, तीस मीटरच्या उंचीनकाशात शेताचा बांध किंवा अरुंद ओघळ दिसत नाही. जागा कोठे शोधावी, एवढेच हा नकाशा सांगतो. प्रत्यक्ष आखणी डंपी लेव्हलने किंवा ए-फ्रेमनेच करावी लागते.

पाचवा दिवस : शिवारफेरी. जवळच्या गावी जाऊन, निवडलेल्या जागा पायी पाहाव्यात, व नकाशातील माहितीशी ताडून घ्याव्यात.

शिवारफेरी वगळू नये

वेळ कमी पडला की पाचवा दिवस गाळला जातो. ही काटकसर महागात पडते. नकाशावर नाला दिसतो, तेथे प्रत्यक्षात सपाट केलेले शेत असते. जेथे पडीक दिसते, तेथे नुकतीच कापणी झालेली असते. ओढ्याला पूर कोठवर येतो, खडक कोठे उघडा पडतो, हे गावातील वृद्ध शेतकऱ्यास जितके ठाऊक असते तितके कोणत्याही उपग्रहास दिसत नाही. प्रशिक्षणार्थ्यांनी अशा शेतकऱ्यास नकाशा दाखवावा, त्याच्याकडून दुरुस्त्या घ्याव्यात, व त्या लिहून ठेवाव्यात.

मोबाईलच्या अचूकतेचा प्रयोगही येथेच करावा. एकाच विहिरीच्या काठावर दहा जणांनी आपापल्या मोबाईलवर ठिकाणाची नोंद घ्यावी, व सायंकाळी ती नकाशावर टाकून पाहावी. मोकळ्या आकाशाखाली साध्या मोबाईलची नोंद सुमारे पाच मीटरपर्यंत चुकू शकते. झाडाखाली किंवा कड्यालगत चूक त्याहून वाढते. पाच मीटर म्हणजे अर्धा गुंठा रुंदी. शेततळे कोणत्या गटात आहे, हे सांगण्यास अशी नोंद बहुधा पुरते, पण बांध कोणाचा, हे सांगण्यास ती मुळीच पुरत नाही. तो निर्णय भूमी अभिलेख विभागाच्या रीतसर मोजणीनेच व्हावयास हवा. प्रशिक्षण घेऊन गेलेला कर्मचारी गावात मोबाईल दाखवून हद्दीविषयी मत देऊ लागला, तर नसलेले तंटे उभे राहतील. म्हणून प्रशिक्षकाने ही मर्यादा प्रत्येक वर्गात सांगितलीच पाहिजे.

नियम व सावधगिरी

नकाशांच्या वापरावर पूर्वी अनेक बंधने होती. २०२१ साली केंद्र शासनाने काढलेल्या मार्गदर्शक सूचनांमुळे व २०२२ च्या राष्ट्रीय भूस्थानिक धोरणामुळे ही बंधने पुष्कळ सैल झाली आहेत. तथापि वर्गात वाटावयाच्या फाइलींतून खातेदारांची नावे, मोबाईल क्रमांक व आधार क्रमांक काढून टाकावेत. गट क्रमांक, क्षेत्र व पीक एवढी माहिती शिकविण्यास पुरेशी असते. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली संमत झाला आहे, याचेही स्मरण ठेवावे.

प्रशिक्षकांस काही सूचना

सर्व उपग्रहचित्रे, आज्ञावली व पुस्तके वर्गापूर्वीच उतरवून पेनड्राइव्हवर ठेवावीत. तीस जणांनी एकाच वेळी इंटरनेटवरून चित्र उतरविण्याचा प्रयत्न केला, तर अर्धा दिवस वाया जातो. सर्वांच्या संगणकावर आज्ञावलीची एकच आवृत्ती असावी, अन्यथा पुस्तकातील चित्रे व पडदा जुळत नाहीत. दोघांमागे एक संगणक असेल, तर दर तासाला जागा बदलाव्यात; तसे न केल्यास एकजण शिकतो व दुसरा पाहतो.

परीक्षा लेखी घेण्यापेक्षा प्रत्येकाने आपल्या गावच्या वीस गटांचा पूर्ण केलेला नकाशा सादर करावा, अशी अट ठेवावी. त्या नकाशावर प्रमाण, उत्तर दिशा, निर्देशांक पद्धत, चित्राची तारीख व राहिलेला फरक या पाच गोष्टी लिहिलेल्या आहेत की नाहीत, हे पाहावे. या नोंदींवाचून नकाशा कितीही सुबक असला, तरी पुढे तो हाती घेणाऱ्यास त्यावर किती विसंबावे हे कळत नाही.

प्रत्येक वर्गातून असे नकाशे जमत गेले, म्हणजे दोन-तीन वर्षांत तालुक्यातील अनेक गावांचा संग्रह प्रशिक्षकापाशी तयार होईल. पुढील वर्गास परक्या देशाच्या सरावाची गरज उरणार नाही, आणि नव्याने येणाऱ्या कर्मचाऱ्यास पहिल्या दिवसापासून आपल्याच शिवारावर काम करता येईल. प्रशिक्षकांनी येत्या रब्बी हंगामातील वर्गापासून या कामास प्रारंभ करावा, अशी शिफारस आहे.